रोज ड्राय करूनही शॉट खाली-डावीकडेच: एअर पिस्तूलच्या ट्रिगरचं एक प्रकरण

"ट्रिगर बिघडलाय? ड्राय कर." कुठल्याही रेंजवर जा, हाच सल्ला मिळतो, आणि सल्ला चुकीचा नाहीच. पण ड्राय, म्हणजे पेलेट (छर्रा) न भरता नुसता ट्रिगर ओढायचा सराव, करताना नेमकं बघायचं काय, बोटाला काय शिकवायचं आणि कुठे थांबायचं हे कोणी सांगत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितेय. यातली मुलगी आमच्या क्लबात सगळ्यात जास्त ड्राय करणारी होती आणि तिचा ट्रिगर त्या ड्रायमुळेच बिघडत चालला होता. नाव देत नाही, अकरावीतली पोरगी आहे, कोल्हापूरजवळच्या गावातून येते, उजव्या हाताने शूट करते, इव्हेंट १० मीटर एअर पिस्तूल.

थोडी पार्श्वभूमी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तूलमध्ये ब्राँझ घेतलं, आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, आणि त्यानंतर आमच्या भागातल्या रेंजवर पोरांची रीघ लागली. कोल्हापूरला शूटिंग तसं नवीन नाही, राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत या नेमबाज इथल्याच, पण राधानगरीच्या पोराने मेडल आणल्यावर गावाकडच्या आईबापांनाही हा खेळ आपला वाटायला लागला. ही मुलगी त्याच लाटेत आली. मेहनती, शांत, सांगितलेलं वहीत लिहून ठेवणारी. पहिले काही महिने स्कोअर भराभर वर गेला आणि मग ५४० च्या आसपास येऊन अडकला तो अडकलाच. ६० शॉट्सना ६०० पैकी ५४० म्हणजे सरासरी ९. वाईट अजिबात नाही, पण तिचा होल्ड, म्हणजे पिस्तूल धरून ठेवणं, बघितलं तर ती ५६० ची शूटर होती, हात इतका स्थिर की मी मागे उभी राहून बघत बसायचे.

घोळ कुठे आहे ते कार्डावर दिसत होतं. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक टार्गेट नाहीत, पुलीवर कागदी कार्ड लावतो, आणि माझ्या मते कोचसाठी कागदच बरा, कारण ग्रुपचा आकार डोळ्यासमोर राहतो. तिच्या कार्डावर दहाच्या आसपास एक सुंदर झुबका असायचा आणि त्यातून एक शेपूट निघून घड्याळातल्या ७ च्या दिशेला खाली-डावीकडे जायची, दर सिरीजला, म्हणजे दर दहा शॉटना, दोन-तीन शॉट ८ मध्ये, एखादा ७ मध्ये. उजव्या हाताच्या शूटरचं खाली-डावीकडे जाणं म्हणजे ट्रिगर झटकला, हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर आहे आणि बहुतेक वेळा खरंही असतं. पण त्याआधी लोकांनी तिला भरपूर उपाय सांगून झाले होते. कोणी म्हणालं साइट (नेम धरायची खूण) वर-उजवीकडे घे, तिने साइटच्या स्क्रूला क्लिक दिले, मग झटकलेले शॉट नऊत यायला लागले आणि चांगले सुटलेले शॉट घड्याळातल्या १ च्या बाजूला नऊत जायला लागले. एकूण बेरीज तीच. हे फार पोरं करतात म्हणून सांगते, शेपटीसाठी साइट हलवायची नसते, साइट हलवायची ती झुबक्यासाठी, शेपटीचं कारण बोटात आहे आणि ते रिअर साइटच्या स्क्रूने सुटणार नाही. कोणी म्हणालं ग्रिप (पिस्तूल धरायचा लाकडी भाग) मोठी आहे, तर वडिलांनी वूड पुट्टी लावून ग्रिप भरून घेतली. कोणी म्हणालं ट्रिगर हलका कर. आता एअर पिस्तूलचा ट्रिगर नियमाने ५०० ग्रॅमच्या खाली नेता येत नाही, मॅचआधी वजन लटकवून तपासतात, तिथे पिस्तुलाने ते वजन उचललं नाही तर तुम्ही फायरिंग लाइनपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे तो मार्ग बंदच.

आधी एक गणित, कारण हे कळल्याशिवाय ट्रिगर एवढा का महत्त्वाचा ते कळत नाही. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, पेलेट ४.५ मिमीचं, आणि पेलेटची कड रेषेला लागली तरी वरचा पॉइंट मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य सेंटरपासून ८ मिमीपर्यंत कुठेही पडला तरी दहा. आता अख्खा हात सरळ, पिस्तूल न वाकता, ५ मिमी डावीकडे सरकला तर शॉट पण ५ मिमीच डावीकडे जाणार, दहाच मिळणार. पण नळीच्या टोकाची फ्रंट साइट आणि मागची खाचेची रिअर साइट यांच्यातलं अंतर साधारण ३२ सेंमी असतं आणि टार्गेट १० मीटरवर, म्हणजे फ्रंट साइट खाचेत १ मिमी खाली गेली तर शॉट जवळपास ३१ मिमी खाली जाणार. पाव मिलिमीटर वाकली की दहाच्या कडेला पोचलात, अर्धा मिलिमीटर वाकली की नऊच्या कडेला. थोडक्यात हात डुलणं पिस्तूल माफ करतं, मनगटातून वाकणं माफ करत नाही, आणि ट्रिगरचा झटका नेमका मनगटातून वाकवतो. या मुलीचा हात डुलत नव्हता म्हणून तिला आणि घरच्यांना वाटायचं की सगळं बरोबर आहे, शॉट मग जातोय कुठे?

निदान

निदानासाठी मी जुनीच पद्धत वापरली. ती फायरिंग लाइनवर माझ्याकडे पाठ करून उभी, पिस्तूल मी लोड करून नळी टार्गेटकडे ठेवूनच तिच्या हातात देणार, आणि त्यात पेलेट आणि हवा आहे की ते ड्रायवर आहे हे तिला माहीत नाही. मॅच एअर पिस्तुलांना ड्रायची वेगळी सोय असते, ट्रिगर खऱ्यासारखाच सुटतो पण हवा बाहेर पडत नाही, प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी, मॅन्युअलमध्ये दिलेली असते. पहिले दोन-तीन लाइव्ह, म्हणजे पेलेटसह, दिले, नीट गेले. मग ड्राय दिलं. नुसतं 'टक' झालं आणि पिस्तुलाचं नाक स्पष्ट खाली गेलं, मला बाजूने दिसलं इतकं. तिने पिस्तूल खाली घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, गोळीच गेली नाही की ओ." मी म्हणाले, "गोळी राहू दे, साइट कुठं गेली ते सांग." तर सांगता येईना. तिला साइट दिसलीच नव्हती. सुटण्याच्या क्षणी ती फ्रंट साइटकडे बघतच नव्हती, ब्लॅककडे, म्हणजे टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलाकडे, बघत होती, आणि शॉट झाल्या झाल्या मान उचलून कार्डाकडे.

मग मोबाइल स्टँडवर लावून स्लो मोशनमध्ये बाजूने हाताचा व्हिडिओ घेतला. महागडी साधनं नसली तरी मोबाइल पुष्कळ काम करतो. व्हिडिओत तीन गोष्टी दिसल्या. एक, पिस्तूल टार्गेटवर येऊन स्थिरावेपर्यंत बोट ट्रिगरवर नुसतं टेकलेलं, फर्स्ट स्टेज, म्हणजे ट्रिगर अडेपर्यंतचा पहिला टप्पा, तीसुद्धा घेतलेली नाही. दोन, मग एकदम फर्स्ट आणि सेकंड स्टेज (शॉट सुटतो तो पुढचा टप्पा) एकाच हालचालीत. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, त्या हालचालीबरोबर करंगळी आणि अनामिका पण आवळली जात होती, करंगळीचं नख पांढरं पडलेलं व्हिडिओ थांबवून दाखवता येत होतं. बोट एकटं मागे जात नव्हतं, लिंबू पिळल्यासारखी अख्खी मूठ आवळली जात होती, आणि खालची बोटं आवळली की नाक खाली जाणारच.

एअर पिस्तूलला रिकॉइल जवळजवळ नसतो, त्यामुळे ती धक्क्याला घाबरून झटकत होती असं म्हणता येत नाही. मोठ्या कॅलिबरच्या पिस्तुलात तो प्रकार असतो, आवाजाची आणि धक्क्याची धास्ती बसते आणि शूटर आधीच खाली दाबतो. इथे कारण दुसरं होतं. साइट ब्लॅकखाली बरोबर आली की डोक्यात "आत्ता!" असा हुकूम सुटायचा आणि बोट तो हुकूम पाळायचं. यात अडचण अशी की डोळ्याने बघून बोट हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातातच, कोणाचेही जातात, आणि हात तर सतत डुलतोय, त्यामुळे ज्या चित्राला बघून तुम्ही ट्रिगर ओढला ते चित्र शॉट सुटेपर्यंत निघून गेलेलं असतं. वर घाईने ओढल्यामुळे मूठ आवळली गेली. म्हणजे दहा पकडायला गेलात आणि आठ हातात.

एवढं झाल्यावर जवळच्या मोठ्या रेंजवर जाऊन स्कॅटवर पण बघून घेतलं. स्कॅट म्हणजे पिस्तुलाच्या नळीवर बसवायचा सेन्सर, पिस्तूल टार्गेटवर कसं फिरतंय त्याची रेघ कॉम्प्युटरवर काढतो, शेवटच्या सेकंदाची रेघ पिवळी आणि शेवटच्या ०.२ सेकंदाची निळी. तिची पिवळी रेघ बघून तिथले कोचही म्हणाले होल्ड छान आहे, इवल्याशा जागेत गुंडाळलेली. आणि झटकलेल्या शॉटची निळी रेघ त्या गुंडाळीतून बाहेर पडून सरळ खाली-डावीकडे. चांगल्या शॉटची निळी रेघ पिवळीच्या आतच. तिला हे चित्र दाखवल्यावर जे पटलं ते माझ्या दहा वेळा सांगण्याने पटलं नसतं.

घरी काय चाललं होतं

आता खरा प्रश्न. रोज तास-तासभर ड्राय करणाऱ्या मुलीचा ट्रिगर असा का? मी तिला म्हणाले, घरी करतेस तसंच इथे करून दाखव, काही सुधारू नकोस. तिने दाखवलं आणि सगळं उलगडलं. घरी माजघरात तिने खऱ्या आकाराचं टार्गेट कार्ड भिंतीला चिकटवलं होतं आणि तीन-साडेतीन मीटरवरून ड्राय करायची. एवढ्या जवळून ५९.५ मिमीचं ब्लॅक रेंजवर दिसतं त्याच्या तिप्पट दिसतं. हात तेवढाच डुलतो, ब्लॅक मात्र मोठं, त्यामुळे होल्ड फारच भारी वाटतो आणि नजर आपोआप त्या मोठ्या काळ्या गोळ्याकडे जाते. मग साइट बरोबर आली की ओढ, पुन्हा वर, ओढ. आकडा पूर्ण करायचा म्हणून भराभर. कोणी तरी सांगितलं होतं रोज इतके ड्राय झालेच पाहिजेत, तर ती वहीत रेघा मारून मोजत होती, आणि शेवटच्या पाव तासात खांदा दुखायला लागला की अजूनच घाई.

म्हणजे ती रोज शेकडो वेळा "आत्ता!" म्हणून मूठ आवळण्याचा सराव करत होती. पेलेट नाही, कार्डावर भोक नाही, त्यामुळे चूक दाखवायलाही कोणी नाही. माझं मत स्पष्ट आहे: ड्रायमध्ये जे कराल ते पक्कं होतं, चांगलं असो की वाईट, आणि लाइव्हपेक्षा लवकर पक्कं होतं कारण वेळ कमी लागतो आणि पेलेटचा खर्च नाही. म्हणून जे कोच नवीन पोरांना नुसतं "घरी ड्राय करा" सांगून सोडून देतात त्यांनी निदान एकदा तरी पोरगं घरी नेमकं काय करतंय ते बघावं, व्हिडिओ मागवावा.

काय बदललं

पहिलं, टार्गेट काढलं. पूर्ण. पांढरी रिकामी भिंत. आणि काही काळ लाइव्ह जवळपास बंद, आठवड्याला थोडेच शॉट, तेही कार्ड उलटं लावून पांढऱ्या बाजूवर. तिला हे आवडलं नाही. तिच्या आईचा पण फोन आला की मॅडम, समोर स्पर्धा आहे आणि तुम्ही गोळ्याच बंद केल्या. आईला समजावलं की पोरीचा हात शाबूत आहे, फक्त एका बोटाची सवय सोडवायची आहे आणि गोळी समोर असली की ती सवय सुटत नाही, कारण तिला कार्ड बघायचं असतं.

रिकाम्या भिंतीचा फायदा असा की पकडायला काहीच नाही. "आत्ता!" म्हणायला कारणच उरत नाही. नजरेला एकच काम, फ्रंट साइट खाचेत, दोन्ही बाजूला सारखा उजेड, वरची रेघ समपातळीत. आणि ट्रिगर सुटताना ती हलते का ते बघायचं, बस. सुरुवातीला तिची साइट दर वेळी टुणकन उडायची आणि आता ती तिला दिसायला लागली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, ही एवढी हलतीय होय!" तिथून काम सुरू झालं.

बोटाचं म्हणाल तर आधी बोट कुठे टेकतंय ते बघितलं. पहिल्या पेराचा मधला मऊ भाग ट्रिगरवर, आणि बोटाची मधली पेरं लाकडाला घासत नाहीत, मध्ये फट आहे. तिचं बोट नव्या पुट्टीमुळे ग्रिपला चिकटत होतं, ते ओढलं की पिस्तूल बाजूला ढकललं जायचं, म्हणून तेवढी पुट्टी घासून काढली. ट्रिगरची जागा थोडी पुढे घेतली म्हणजे बोट सरळ मागे जाईल. आणि स्टेजची वाटणी बदलली. एकूण वजन ५०० च्या वरच, पण फर्स्ट स्टेजला जास्त भार आणि सेकंडला कमी, आधी तिच्या पिस्तुलात सेकंड स्टेज बरीच जड होती, त्या अडथळ्यावर अडकून ती जोर लावायची. हे प्रत्येकाला लागू होईल असं नाही, काही शूटरना सेकंड स्टेज ठळक लागते. तिला हलकी मानवली.

मग क्रम. पिस्तूल वर घेताना श्वास आत, टार्गेटच्या वरून खाली येताना अर्धा सोडायचा, आणि खाली येता येताच फर्स्ट स्टेज पूर्ण घ्यायची. म्हणजे आपल्या जागी पोचेपर्यंत बोट सेकंड स्टेजच्या अडथळ्याला टेकलेलं असलं पाहिजे, ट्रिगरवरचा बहुतेक भार आधीच उचललेला. राहिलेलं दडपण थांबत थांबत नाही, सलग वाढवत न्यायचं, आणि ते कधी सुटेल यावर नजर ठेवायची नाही, नजर साइटवर. हात डुलणार, डुलू दे, वरच्या गणिताप्रमाणे ८ मिमीचं डुलणं दहाच आहे. सुटल्यावर बोट मागेच धरून ठेवायचं, साइट पुन्हा बघायची, मनात दोन म्हणायचं आणि मगच खाली. या फॉलो थ्रूला पोरं फार कंटाळतात, पण मान उचलून कार्ड बघण्याची तिची सवय याच्यानेच गेली.

बाकीची बोटं आवळली जातात त्यावर एक वेगळा सराव दिला. ग्रिप नेहमीच्या जोराने धरायची आणि पिस्तूल न उचलता, टेबलावर हात टेकवून, नळी भिंतीकडे, नुसतं तर्जनीचं बोट हलवायचं, दुसऱ्या हाताने करंगळी आणि अनामिकेवर हलका स्पर्श ठेवून. तर्जनी मागे जाताना त्या बोटांत काही हललं की लगेच कळतं. अगदी कंटाळवाणं काम आहे, पण मूठ आणि बोट वेगळं करायला मला याच्यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही.

वेळ मात्र कमी केला. पंधरा-वीस मिनिटं, मध्ये विश्रांती घेऊन, आणि आकडा मोजायचा नाही. वहीत रेघांऐवजी दर ड्रायनंतर एक शब्द: साइट शांत, खाली, डावीकडे, दिसली नाही. "दिसली नाही" हा शब्द सारखा यायला लागला की त्या दिवसाचं ड्राय संपलं, मग पाचच मिनिटं झाली असली तरी. लक्ष गेल्यावर केलेलं ड्राय न केलेलं बरं.

सुरक्षेचं इथेच सांगते, कारण घरी सराव म्हटलं की ढिलाई येते. खोलीत पेलेटचा डबा नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल हातात घेतल्यावर दर वेळी उघडून नळी रिकामी आहे हे डोळ्याने बघायचं, काल बघितलं होतं हे चालत नाही. नळीचं तोंड पक्क्या भिंतीकडे, दाराकडे किंवा खिडकीकडे नाही, भिंतीपलीकडे कोण असतं त्याचाही विचार करा. लहान भावंडं खोलीत नकोत. ड्राय झालं की पिस्तूल लगेच पेटीत, कुलूप, आणि "अजून एकच" म्हणून पुन्हा काढायचं नाही, कारण बहुतेक गडबडी त्या शेवटच्या एकच मध्ये होतात. कोणी येऊन बोलायला लागलं तर सगळं पहिल्यापासून तपासायचं.

परत टार्गेटवर

भिंतीवर साइट शांत राहायला लागल्यावर छोटं टार्गेट आणलं, पण मापाने. तिच्या घरी ओसरीपासून आतल्या भिंतीपर्यंत ५ मीटर जागा निघाली, म्हणजे ब्लॅक निम्मं, साधारण ३० मिमीचा काळा गोल. उंचीचंही माप घ्यायचं असतं, रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर असतो, तिची नजर दीड मीटरच्या आसपास, तर अर्ध्या अंतरावर गोल दोन्हीच्या मधोमध, १.४५ मीटरवर. एवढी कसरत यासाठी की हात रेंजवर ज्या कोनात जातो त्याच कोनात घरी गेला पाहिजे.

गोल समोर आल्या आल्या "आत्ता!" परत आलं. हे होणारच होतं. म्हणून आता नियम दिला की ठरावीक वेळात, सात-आठ सेकंदांत, आपसूक नाही सुटला तर पिस्तूल खाली. आणि मधूनमधून साइट अगदी सुंदर दिसत असताना मुद्दाम न सोडता खाली यायचं. हा सराव तिला सगळ्यात जड गेला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगी हाच पडला, कारण चांगलं चित्र दिसलं की ओढायचंच ही साखळी याने तुटते. मॅचमध्ये ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात, शॉटला सव्वा मिनिट, खाली येऊन परत वर जायला भरपूर वेळ आहे, पण पोरांना खाली येणं म्हणजे हरणं वाटतं.

लाइव्ह सुरू केलं ते मिसळून, एक-दोन ड्राय मग एक लाइव्ह, आणि लाइव्हनंतर कार्ड बघायच्या आधी कॉल करायचा, साइट कुठे होती त्यावरून शॉट कुठे गेला असेल ते सांगायचं. साइटचे वाढवलेले क्लिक पण परत घेतले. पहिले काही दिवस स्कोअर पडला, ५३० च्या खाली गेला, आणि ती रडवेली झाली. मी तिला स्कोअर लिहूच दिला नाही, फक्त कॉल बरोबर आले किती ते बघितलं. कॉल जुळायला लागले आणि थोड्याच आठवड्यांत शेपूट आखूड होत गेली. आठ गेले नाहीत, आठ येतात, पण आता ते झुबक्याच्या चारी बाजूंना येतात, एकाच दिशेला नाही, आणि सात जवळपास बंद झाले. स्कॅटवर परत नेलं तेव्हा निळी रेघ पिवळीच्या आत गुंडाळलेली होती, एखादाच शॉट सोडून. त्यानंतरच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा ५५० च्या पुढे गेली.

शेवटच्या सिरीजला मात्र त्याच स्पर्धेत दोन शॉट पुन्हा घड्याळातल्या ७ च्या दिशेला गेले. मागून बघताना मला दिसलं की तिने फर्स्ट स्टेज उशिरा घ्यायला सुरुवात केली होती, दडपणाखाली सगळ्यात आधी हेच सुटतं. तिला पण कळलं, तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, बोटं झटकली, थोडी थांबली आणि पुढचे शॉट नीट सोडले. मला ५५० पेक्षा ते जास्त आवडलं.

एक वाद इथे नेहमी निघतो, शॉट अचानक सुटला पाहिजे की शूटरने सोडला पाहिजे. नवशिक्यासाठी अचानक सुटू देणं बरं, झटका मोडायला तेच लागतं. पण ते कायमचं धरून बसू नये. २५ मीटर पिस्तूलच्या रॅपिडमध्ये टार्गेट ७ सेकंद बंद आणि ३ सेकंद चालू असतं, त्या ३ सेकंदांत हात वर आणून शॉट सोडायचा असतो, तिथे अचानकची वाट बघत बसलात तर शॉटच होणार नाही. राही सरनोबतने २०१८ ला जकार्ता-पालेमबांगच्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं ते याच इव्हेंटमध्ये. तिथे ट्रिगर जलद लागतो, पण सलग आणि सरळ मागे. गुळगुळीत म्हणजे हळू असं नाही, हे मी आता पोरांना पहिल्या दिवसापासून सांगते.

या मुलीला आता २५ मीटरकडे वळवतोय. तिथे .२२ चं पिस्तूल, ट्रिगर किमान १००० ग्रॅम, म्हणजे एअर पिस्तूलच्या दुप्पट, शिवाय थोडा का होईना रिकॉइल आणि आवाज. ते पिस्तूल रेंजवरच राहतं, त्यामुळे त्याचं ड्राय पण रेंजवर, माझ्यासमोरच. आणि .२२ रिमफायर (ज्याच्या काडतुसाच्या कडेवर ठोका बसतो) रिकाम्या चेंबरवर, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत काही नसताना, ड्राय करत नाही, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होऊ शकतात, म्हणून डमी राउंड (नकली काडतूस) किंवा झाडलेल्या काडतुसाचं रिकामं केस घालतो, तेही दर थोड्या वेळाने फिरवून, ठोका त्याच जागी बसू नये म्हणून. जड ट्रिगरवर तिची करंगळी परत थोडी आवळायला लागली आहे. टेबलावर हात टेकवून तर्जनी एकटी हलवायचा सराव पुन्हा सुरू केलाय, भिंत पांढरी, टार्गेट अजून लावलेलं नाही.